पिशाचकथा : खानदेशातील कथाबीजे

मृतात्मा, पिशाच, शाप, चेटूक इ. अतिमानवी शक्तींच्या मानवी व्यवहारातील हस्तक्षेपावर आधारलेली व वाचकाच्या मनात भय निर्माण करणारी कथा म्हणजे पिशाचकथा होय. मराठीत भयकथा व गूढकथा या संज्ञाही तिच्यासाठी सैलपणे योजिल्या जातात. अशा कथांची बीजे लेखकास कोठून मिळतात, याचे उत्तर सामान्यतः त्याच्या कल्पनाशक्तीत शोधले जाते. प्रत्यक्षात प्राचीन ग्रंथ, परभाषेतील साहित्य व लोकसमजुती असे तीन उगम स्पष्टपणे दाखविता येतात. यांपैकी तिसरा सर्वांत समृद्ध असून लेखकावर सर्वाधिक दायित्व टाकणाराही आहे. खानदेशातील (जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे) सामग्रीवरून हे विशेषत्वाने दिसून येते.

ग्रंथपरंपरेचा आरंभ गुणाढ्याच्या बृहत्कथेपासून मानला जातो. पैशाची भाषेतील हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. मात्र त्यातील कथा काणभूती नावाच्या पिशाचाने सांगितल्या, अशी आख्यायिका आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेतालाच्या पंचवीस कथा आढळतात व त्याच पुढे वेताळपंचविशी या नावाने मराठीत रूढ झाल्या. त्यांतील वेताळ राजास केवळ भिववीत नाही, तर प्रत्येक कथेच्या शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आधुनिक मराठीत परकीय बीजाचे रोपण नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मोठ्या प्रमाणावर केले. स्टीव्हन किंग यांच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीचा आराखडा त्यांच्या लुचाईमध्ये ओळखू येतो. ही बीजे पुन्हा मौखिक परंपरेतही शिरतात : धारपांची एक कथा राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राच्या तोंडून ऐकावयास मिळाली आणि तीतून तुंबाड (२०१८) हा चित्रपट उगम पावला. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मात्र भयाचे मूळ प्रामुख्याने माणसाच्या मनात व त्याच्या परिचित घरसंसारात शोधले.

लोकसमजुतींतील पिशाचांचे प्रकार पाहिले असता एक समान सूत्र हाती लागते. मुंज झाल्यावर व सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. अंत्यविधी न झालेला वा वासना उरलेला पुरुष समंध होतो. म्हणजे प्रत्येक भूत हे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचे, आणि पुष्कळदा जिवंतांनी न केलेल्या कर्तव्याचे स्मारक असते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या व आर. ई. एन्थोवेन यांनी प्रसिद्ध केलेल्या लोकविद्याविषयक टिपणांत अशी विपुल माहिती आहे. परंतु ते खंड गुजरात (१९१४) व कोकण (१९१५) यांसंबंधी असून खानदेशाचा स्वतंत्र खंड त्यांत नाही. मराठी पिशाचकथेतही कोकणातील वाडा, विहीर व गर्द राई यांचेच प्राबल्य राहिले.

खानदेशाचे भय निराळ्या भूमीतून येते. तापीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानात कपाशीस व केळीस रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला वाट हरवावयास लावणारा चकवा सर्वांत जवळचा वाटतो. उत्तरेस सातपुड्यात अस्तंभा (१,३२५ मी.) हे शिखर असून तेथे दिवाळीत यात्रा भरते. महाभारतातील शापित अश्वत्थामा कपाळावरील जखमेसाठी तेल मागत या डोंगरात भटकतो व वाट चुकलेल्या यात्रेकरूस मार्ग दाखवितो, अशी श्रद्धा आहे. पूर्वी फारुकी राजवटीच्या खानदेशात मोडणाऱ्या व आता मध्य प्रदेशात असलेल्या अशीरगडावरही तो पहाटे शिवमंदिरात फूल वाहून जातो, असे सांगतात. सौप्तिकपर्वात झोपलेल्यांची हत्या करणारा योद्धा लोकमानसाने येथे करुणेचा विषय केला आहे. भय व करुणा यांचा हा संयोग कथाकारास मोलाचा ठरावा.

याच डोंगराळ पट्ट्यातील डाकिणीची समजूत मात्र वेगळ्या जातीची आहे. मुंजा व हडळ मृत असतात. डाकीण ही गावात राहणारी जिवंत स्त्री असते. मूल आजारी पडले वा जनावर दगावले, की भगत एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवितो. ती अनेकदा विधवा वा एकाकी असते आणि तिच्या ताब्यातील जमीन हेही आरोपामागील एक कारण असते. त्यानंतर मारहाण, बहिष्कार व प्रसंगी हत्याही घडते. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने अशा छळास गुन्हा ठरविले.

यामुळे या कथाबीजाचा वापर निव्वळ कलात्मक प्रश्न राहत नाही. जी कथा शेवटी डाकीण खरी ठरविते, ती वाचकास क्षणभर दचकवीत असली, तरी भगताचाच निर्णय दृढ करते. गावाने एका शेजारणीचे नाव उच्चारले ती रात्र, तिच्या दारापुढे जमलेली परिचित माणसे आणि तिला उमगलेला त्यांचा हेतू यांत अधिक खरे भय आहे व त्यास कोणत्याही पिशाचाची गरज नाही. लोकसमजुतीतून बीज घेणाऱ्या लेखकाने तीमागील अन्यायही उचलला पाहिजे. वेताळाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे दायित्व जसे राजावर होते, तसे ते पिशाचकथाकारावरही आहे. या कसोटीस उतरणारी कथा केवळ मनोरंजन न राहता आपल्या समाजाच्या भयाचा विश्वसनीय दस्तऐवज ठरते.