पाठदोष की पाठभेद? : इगतपुरीच्या संगणकीय त्रिपिटकाविषयी

छट्ठ संगायनेची सांगता रंगून येथे मे १९५६ मध्ये झाली आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा झाली. संगायनेत निश्चित झालेला पालि पाठ ब्रह्मी लिपीत होता. त्यामुळे महाराष्ट्रातील नवदीक्षित समाजाला तो वाचता येण्याजोगा नव्हता. ही उणीव पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने भरून काढली. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने तो पाठ देवनागरीत उतरवला, ग्रंथरूपाने छापला, संगणकाच्या तबकडीवर आणला आणि अखेरीस संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य ठेवला. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ गावात बसूनही आज अट्ठकथांसह त्रिपिटक वाचता येते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि पाठ जितका सुलभ होतो, तितकी त्यातील दोष दाखवणाऱ्यांची संख्याही वाढते. हे इष्टच आहे. मात्र कळवलेला दोष खरोखर दोष आहे काय आणि असल्यास कोणत्या जातीचा, याचा निर्णय आधी व्हावयास हवा. तो न होता केलेली दुरुस्ती ही मूळ चुकीपेक्षा अधिक घातक ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोषांच्या तीन जाती संभवतात. पहिली यंत्राची. ‘दळ्ह’, ‘मय्हं’, ‘पञ्ञा’ यांसारखी जोडाक्षरे एखाद्या टंकात तुटून दिसतात; ‘संघ’ असा शब्द शोधला असता ‘सङ्घ’ सापडत नाही. येथे पाठ शुद्ध असतो. तो दाखवणारे किंवा शोधणारे साधन अपुरे असते. दुसरी जात टंकलेखनाची. अक्षर गळणे, मात्रा चुकणे, ओळ दोनदा येणे हे जुन्या लेखनिकांचे दोष नव्या टंकलेखकांकडूनही घडतात. तिसरी जात दोषाची नव्हेच. ती पाठभेदाची आहे, आणि घोटाळा नेमका येथे होतो.

मराठी वाचकाचा कान संस्कृतावर पोसलेला असतो. त्याला ‘ब्यञ्जन’ हा शब्द ‘व्यञ्जन’ याचा उघड मुद्रणदोष वाटतो. वास्तविक ब्रह्मदेशी परंपरेत ‘ब्य’ हेच लेखन रूढ आहे. ‘व्य’ हे लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांत आढळते. ब्रह्मदेशी पाठात ‘वीरिय’ असा दीर्घ ईकार आहे, लंडनच्या पाठात ‘विरिय’ असा ऱ्हस्व. एकीकडे ‘चूळवग्ग’, दुसरीकडे ‘चुल्लवग्ग’. ‘…पे॰…’ ही खूण पाहून मजकूर गळाला असे कळवणाऱ्यासही हे सांगणे प्राप्त आहे की, ती पेय्यालाची, म्हणजे पुनरावृत्तीच्या संक्षेपाची, परंपरागत खूण होय. अशा ठिकाणी ‘दुरुस्ती’ करणे म्हणजे दोन परंपरांची सरमिसळ करून कोणत्याही देशात कधीच प्रचलित नसलेला तिसरा पाठ निर्माण करणे होय.

या धोक्याचा पडताळा भोरच्या परिसरातच घेता येतो. भोरहून वरंध घाटाने महाडकडे उतरले की गंधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. तेथपासून कार्ले, जुन्नर, नाशिकपर्यंतच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत द्वित्त व्यंजन सामान्यतः एकेरी कोरलेले असते. ‘भिक्खु’ या शब्दाचे लेखन ‘भिखु’ असे होते. पालि व्याकरणाच्या कसोटीवर हा अशुद्ध पाठ ठरेल. परंतु वाचनात द्वित्त घालून तो छापला, तर त्या काळच्या लेखनपद्धतीचा पुरावाच नाहीसा होईल. शिलालेखाच्या बाबतीत जे कोणी करणार नाही, ते ग्रंथाच्या बाबतीत का करावे?

इगतपुरीच्या पाठाबाबत ही जबाबदारी विशेष आहे. या संगणकीय त्रिपिटकात मूळ नोंद देवनागरीत असून रोमन, सिंहली, थाई, ब्रह्मी आदी लिप्यांतील पाठ तिच्यापासून यंत्राने तयार होतात. म्हणजे देवनागरीत चुकलेले एक अक्षर सर्व लिप्यांत पोहोचते, आणि देवनागरीत केलेली चुकीची दुरुस्तीही तशीच पोहोचते. परंतु याच रचनेत दोषनिर्णयाची एक सोपी कसोटी दडलेली आहे. दोष एकाच लिपीत दिसत असेल, तर तो लिप्यंतराचा किंवा टंकाचा. सर्व लिप्यांत दिसत असेल, तर तो मूळ नोंदीत आहे. मग संगायनेचा छापील ग्रंथ पाहावा. तेथे पाठ वेगळा असल्यास टंकलेखनाची चूक सिद्ध झाली. तेथेही तोच पाठ असल्यास मूळ शब्दाला हात लावू नये. शंका टीपेत नोंदवावी.

या दृष्टीने पाहता संकेतस्थळाच्या रचनेतील दोन गोष्टी प्रशंसनीय आहेत. सिंहली, स्यामी, कंबोडियन व लंडनच्या आवृत्त्यांतील पाठभेद ‘सी॰’, ‘स्या॰’, ‘कं॰’, ‘पी॰’ अशा संक्षेपांनी दिलेले आहेत, आणि विविध आवृत्त्यांचे पृष्ठांकही नोंदवलेले आहेत. पडताळणीची सामग्री त्यामुळे वाचकाच्या हाती असते. उणीव आहे ती दुरुस्तीच्या इतिहासाची. कोणता शब्द केव्हा बदलला, आधी काय होते आणि बदल कोणत्या आधारावर झाला, हे वाचकाला त्या शब्दापाशीच कळले पाहिजे. ‘सुत्तसेंट्रल’ हा २००५ पासूनचा प्रकल्प आपला पाठ प्रत्येक बदलाची नोंद राहील अशा खुल्या भांडारात ठेवतो. तरीही भांडारातली नोंद आणि पानावरची टीप यांत अंतर राहतेच.

हा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेला पाठही तळटीपेत जपलेला आहे. वॉरन यांनी हाती घेतलेल्या ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन धर्मानंद कोसंबी यांनी तडीस नेले, वॉरन १८९९ साली निवर्तले आणि हार्वर्डची ती आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० साली, कोसंबींच्याही निधनानंतर. आज एक अक्षर बदलण्यास क्षण पुरतो. मात्र बदलाचे कारण शोधण्यास लागणारा वेळ यंत्राने फारसा कमी केलेला नाही.

म्हणून दोष कळवणाऱ्याने ग्रंथ, परिच्छेदांक, लिपी, दिसलेला पाठ, अपेक्षित पाठ आणि त्याचा छापील आधार एवढे तरी द्यावे. आणि दुरुस्ती करणाऱ्याने जुना पाठ पुसून टाकू नये. पाठ शुद्ध असावा ही वाचकाची अपेक्षा रास्त आहे. तो कोणत्या परंपरेचा आहे हे ओळखता यावे, हा त्याचा तितकाच मोठा हक्क आहे.