हलक्याची बचत, जडाची जागा

इंदूरच्या सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही ओतकामवाल्याला विचारून पाहावे. साडेचारशे-चारशेसाठ घनसेंटिमीटरची पोकळ वस्तू हवी, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. ती ताशी दीडशे ते एकशेऐंशी किलोमीटर वेगाने टणक चेंडूवर आदळणार, हजारो वेळा आदळणार, आणि तिला ना तडा जायला हवा, ना पोचा पडायला हवा. तो आधी एकच प्रश्न विचारील : ‘माल कोणता लावायचा?’ गोल्फच्या ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबच्या डोक्याचा, म्हणजे क्लबहेडचा, गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास याच प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा आहे. लाकूड, पोलाद, टायटॅनियम, कार्बन. आणि प्रत्येकाच्या जोडीला शिसे, पितळ किंवा टंगस्टन.

जाहिराती या पदार्थांच्या नावांवर चालतात. दर वर्षी नवे नाव, नवा रंग, वाढीव किंमत. पण या कलेचे मर्म पदार्थाच्या नावात नाही. हलका पदार्थ वापरून वाचवलेले वजन नेमके कुठे नेऊन ठेवले आणि दोन न जुळणारे पदार्थ एकमेकांना कसे सांधले, यावरच क्लबहेडची पारख व्हायला हवी. आजच्या स्थितीचा आढावा याच दोन कसोट्यांवर घेतला, तर कौतुक करण्यासारखे बरेच सापडते आणि फुगवून सांगितलेलेही कमी नाही.

लाकडाच्या पोटातले शिसे

हलके आणि जड एकत्र आणण्याची युक्ती नवी नाही. विसाव्या शतकात बराच काळ ड्रायव्हरचे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. हे झाड आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातले. ज्या टेंभुर्णीच्या पानांत मध्य प्रदेश-विदर्भातल्या विड्या वळल्या जातात, तीच. लाकूड घट्ट, चिवट, पण घनता पाण्याहून कमी. जेमतेम दीडशे-पावणेदोनशे घनसेंटिमीटरच्या डोक्यात नुसत्या लाकडाने वजन भरत नसे. म्हणून कारागीर पोटात भोक पाडून शिसे ओतत, तळाला पितळेची पट्टी स्क्रूने बसवत आणि चेंडू लागतो त्या जागी वेगळ्या टणक पदार्थाचा तुकडा जडवत. म्हणजे एकाच डोक्यात तीन-चार पदार्थ होतेच. शिसे मात्र जिथे जागा मिळेल तिथे जाई. वजनाच्या जागेचा काटेकोर हिशेब अजून फारसा मांडला गेला नव्हता.

तो मांडला कार्स्टन सोलहाइम यांनी. जन्माने नॉर्वेजियन, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता. १९५९ साली त्यांनी बनवलेल्या पटरमध्ये, म्हणजे चेंडू छिद्राकडे ढकलण्याच्या क्लबमध्ये, वजन मधोमध न ठेवता दोन्ही टोकांना, टाचेकडे आणि बोटाकडे, सरकवले होते. चेंडूला लागताना येणाऱ्या आवाजावरून त्याचे ‘पिंग’ हे नाव पडले आणि पुढे कंपनीचेही तेच झाले. दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब बांबू आडवा धरते, त्यामागचे तत्त्वच इथे कामाला लावले होते. वजन मध्यापासून जितके लांब, तितकी वस्तू फिरायला नाखूश. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. गोल्फवाले नुसते एमओआय म्हणतात. चेंडू क्लबच्या मध्यावर न लागता कडेला लागला, तर डोके स्वतःभोवती वळते आणि चेंडू भरकटतो. एमओआय जास्त असेल तर डोके कमी वळते आणि चूक माफ होते.

यातली खरी मेख अंतराच्या वर्गात आहे. दहा ग्रॅम वजन गुरुत्वमध्यापासून तीन सेंटिमीटरवर ठेवले तर एमओआयमध्ये ९० ग्रॅम-वर्गसेंटिमीटरची भर पडते. तेच सहा सेंटिमीटरवर नेले तर ३६० ची. अंतर दुप्पट, परिणाम चौपट. पुढच्या साऱ्या घडामोडी म्हणजे हे दहा-वीस ग्रॅम मोकळे करण्याची आणि दूर नेण्याची धडपड आहे.

मोकळे झालेले ग्रॅम

१९७९ साली गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढली आणि ओतीव स्टेनलेस पोलादाचा पोकळ ड्रायव्हर बाजारात आणला. पोलादनगरीवरून त्याला ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणत. पोकळ झाल्यावर वजन आपोआप कवचात, म्हणजे कडेला गेले. १९९१ साली कॅलवे कंपनीची ‘बिग बर्था’ आली आणि आकार वाढू लागला. १९९५ साली तिचीच टायटॅनियमची मोठी बहीण आली. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमची साडेचार. तेवढ्याच वजनात कवच मोठे करता आले आणि फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, पातळ ठेवूनही टिकू लागली.

पुढची पायरी कार्बन तंतूंची. त्यांच्या मिश्र पदार्थाची घनता दीडच्या आसपास. डोक्याचा वरचा भाग, म्हणजे क्राउन, शंभर वर्गसेंटिमीटरचा धरू. टायटॅनियमचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला तर तो साधारण बावीस ग्रॅमचा होतो. कार्बनचा थोडा जाड, सात दशांश मिलिमीटरचा घेतला तरी अकरा ग्रॅमच्या आत बसतो. वाचले अकरा-बारा ग्रॅम. दोनशे ग्रॅमच्या वस्तूत ही बचत मोठीच. शिवाय ती अगदी वरून झाली, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली उतरला आणि चेंडू सहज वर चढू लागला.

वाचलेले वजन टंगस्टनच्या रूपाने परत येते. त्याची घनता १९.२५, जवळपास सोन्याइतकी. क्लबमध्ये वापरतात तो निकेल-लोहमिश्रित जड मिश्रधातू सतरा-अठरापर्यंत जातो. अशी वीस ग्रॅमची गुंडी सव्वा घनसेंटिमीटरहूनही लहान असते. तेच वजन पर्सिमनच्या लाकडात हवे असते तर पंचवीस घनसेंटिमीटर जागा लागली असती. म्हणून टंगस्टन मागच्या अगदी टोकाला, तळाशी, कोपऱ्यात बसवता येते. २००४ च्या ‘आर-सेव्हन क्वाड’मध्ये टेलरमेडने एकूण २४ ग्रॅमचे चार स्क्रू खेळाडूच्या हाती दिले आणि वजनाची जागा बदलणे हा घरबसल्या करायचा उद्योग झाला. २०२२ साली त्याच कंपनीने फेसही कार्बनच्या ६० थरांचा केला. ओल्या कार्बनवर चेंडू घसरतो, म्हणून त्यावर बारीक खडबडीत पॉलियुरेथेनचे आवरण चढवावे लागले. एक अडचण सोडवताना दुसरी येते, आणि तिच्यासाठी आणखी एक पदार्थ.

नियमांचे कुंपण

आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी या शर्यतीला चारी बाजूंनी कुंपण घातले आहे. आकार ४६० घनसेंटिमीटरच्या वर नको. फेसच्या उसळीचा गुणांक ०.८३ च्या वर नको. उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय ५,९०० ग्रॅम-वर्गसेंटिमीटरच्या वर नको. मापनातली थोडी सूट तेवढी वेगळी. आकार, उसळी आणि स्थैर्य या तिन्ही आघाड्यांवर आजचे चांगले ड्रायव्हर कुंपणाला टेकलेले आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये या संस्थांनी चेंडूच्याच चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. क्लबहेडमधून मिळायचे ते बहुतेक मिळून गेले, याची ही कबुलीच म्हणायची.

या पार्श्वभूमीवर २०२४ पासूनची ‘दहा हजार एमओआय’ची घोषणा तपासून पाहण्यासारखी आहे. उभ्या अक्षाला सहा हजारांच्या आत मर्यादा असताना दहा हजार आले कुठून? उभ्या अक्षाचा आणि टाचेपासून बोटापर्यंतच्या आडव्या अक्षाचा आकडा बेरजेत मांडलेला असतो. आडव्या अक्षावर काम झाले आहे, हे खरे. फटका फेसवर उंच किंवा खाली लागला तर त्याचा उपयोगही होतो. पण दोन वेगळ्या गुणांची बेरीज करून एक गरगरीत आकडा पुढे करणे हे विक्रेत्याचे गणित झाले, अभियंत्याचे नव्हे.

दुसरी तडजोड जाहिरातीत सहसा दिसत नाही. टंगस्टन मागे नेले की स्थैर्य वाढते, पण गुरुत्वमध्यही मागे जातो आणि चेंडूला फिरकी जास्त मिळते. वेगाने फटका मारणाऱ्याला ती नको असते. त्याचा चेंडू वर चढून वाऱ्यात विरतो. वजन पुढे आणले तर फिरकी घटते आणि क्षमाशीलता जाते. म्हणून एकाच वर्षी एकाच कंपनीचे तीन-तीन ड्रायव्हर निघतात. ते उत्तम, अधिक उत्तम आणि सर्वोत्तम अशा चढत्या क्रमाचे नसतात. तीन वेगळ्या माणसांसाठी असतात. बहुतेक दुकानांत मात्र ते चढत्या किमतीने मांडलेले दिसतात.

सांधा आणि आवाज

माझ्या मते या कलेतले सर्वांत अस्सल काम सांध्यावर चालते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळते, टंगस्टन ३,४२२ अंशांना. ही दोन टोके साध्या वेल्डिंगने जुळत नाहीत. म्हणून ड्रायव्हरमध्ये टंगस्टन बहुधा स्क्रूने बसते. आयर्न या दुसऱ्या प्रकारच्या क्लबमध्ये पोलादाच्या खोबणीत ठेवून ते झाळतात किंवा कोंडतात. जड मिश्रधातूचा तुकडाही ओतलेला नसतो. भुकटी दाबून, भट्टीत भाजून तो घट्ट केलेला असतो. कार्बनचा क्राउन चिकटवायला इपॉक्सी लागतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत टायटॅनियम फुगते, कार्बन जवळजवळ फुगत नाही, आणि तो ताण केसाएवढ्या जाडीच्या डिंकाने झेलायचा असतो. अॅल्युमिनियमला कार्बन थेट टेकला आणि दमटपणा मिळाला की गंज धरतो. तिथे मध्ये आडपडदा ठेवावा लागतो. असा क्लबहेड कापून पाहिला की कडेची अरुंद पायरी, तिच्यावर बसलेले कार्बनचे झाकण आणि आतल्या उभ्या-आडव्या फासळ्या दिसतात. डिझायनरची अक्कल तिथे वाचता येते.

फासळ्या बळकटीइतक्याच आवाजासाठी असतात. कॅलवेचा २००२ चा सगळा कार्बनचा ‘सी-फोर’ तांत्रिकदृष्ट्या धाडसी होता, पण फटक्याचा आवाज मेलेला. खेळाडूंनी तो स्वीकारला नाही. उलट टोक २००७ च्या नाइकेच्या चौकोनी ‘सुमो’चे. स्थैर्य भरपूर, पण पत्र्याचा डबा वाजावा तसा खणखणाट, की शेजारच्या मैदानावरचा माणूस वळून पाही. चेंडू फेसवर अर्धा मिलिसेकंदच टिकतो. हाताला काही कळायच्या आत तो गेलेला असतो. फटका कसा लागला, हे खेळाडू बरेचसे कानाने ठरवतो. हलक्या-जड पदार्थांची जुळवाजुळव कागदावर कितीही चोख असली तरी कान फसला तर डिझाइन फसले.

आपल्याकडे

या साखळीत आपण कुठे आहोत? क्लबहेड बहुतांशी मेणाच्या साच्यातून ओतले जातात आणि हे काम प्रामुख्याने चीन, तैवान, व्हिएतनाममध्ये होते. मेण वितळवून साच्यात धातू ओतण्याची ही रीत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात बाराव्या शतकात वर्णिलेली आहे. कच्चा मालही परका नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट आहे. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनच्या नोंदी आहेत. तरीही टंगस्टनसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यापासून ही गोष्ट गोल्फपुरती राहिलेली नाही.

तंत्राची दिशा मात्र इंदूरला ओळखीची आहे. २०२४ साली कोब्रा कंपनीने थ्रीडी छपाईने घडवलेले आयर्न आणले. आत पोलादाची जाळी, वाचलेल्या वजनाचे टंगस्टन टाचेला आणि बोटाला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेझरने धातूचे थर चढवत भाग घडवण्यावर आणि एका धातूतून दुसऱ्यात क्रमाक्रमाने उतरणाऱ्या रचनांवर संशोधन होते, ते अर्थात वेगळ्या गरजांसाठी. सांध्याचा पेच कायमचा सुटायचा असेल तर याच वाटेने : सांधा पक्का करण्याऐवजी सांधाच उरू न देणे. गोल्फचा इथला बाजार लहान, म्हणून सांवेर रोडवर उद्या क्लबहेड ओतले जातील असे मी म्हणत नाही. पण दोन धातूंच्या अशा भागांची गरज पिथमपूरच्या मोटारींना आणि इंदूरच्या वैद्यकीय उपकरणांनाही लागणारच आहे.

शेवटी खेळ. इंदूरपासून हाकेच्या अंतरावर महू. तिथल्या मुकेश कुमार यांनी देशातल्या व्यावसायिक स्पर्धांची शंभराहून अधिक विजेतेपदे मिळवली आणि २०१६ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकून आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद पटकावले. या टूरवर पहिल्यांदा जिंकणारे ते सर्वांत ज्येष्ठ खेळाडू ठरले. ही स्पर्धा झाली ते दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान झाडझाडोऱ्याने इतके आवळलेले, की अनेक जण तिथे ड्रायव्हर पिशवीतून काढतच नाहीत. वीस-तीस वर्षांनी लहान, लांब मारणाऱ्यांना तिथे अचूकतेने हरवता येते. यातून तंत्र निरुपयोगी ठरत नाही. एवढेच कळते, की जड तुकडा मागे सरकवून मिळणारी माफी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती रविवारी खेळणाऱ्या हौशी माणसाला, आणि जाहिरात मात्र त्याला व्यावसायिकाच्या लांबीचे स्वप्न विकते.

म्हणून नवा क्लबहेड हाती आला की पदार्थाचे नाव बाजूला ठेवून तीनच गोष्टी विचाराव्यात : किती ग्रॅम वाचवले, ते कुठे नेले, आणि सांधा पाच वर्षे टिकेल का. चौथा प्रश्न स्वतःला : फटका आपल्याकडून बहुधा कुठे लागतो, टाचेकडे की बोटाकडे? चारही उत्तरे जुळली तर पैसे खर्चावेत. नाही तर जुना ड्रायव्हर ठेवून तेच पैसे शिकवणीला द्यावेत. अंतरही वाढेल आणि दिशाही सुधारेल.