पोथीचें चित्र आणि पोथीचा पाठ

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची जी संहिता छापून प्रसिद्ध केली, तिच्या आधाराची पोथी पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं. त्यामुळें एखाद्या ओवींतील शब्दरूप मूळ लेखनिकाचें कीं संपादकाच्या नजरेचें, असा प्रश्न निघाला, तर तो सोडविण्यास साक्षीदारच उरलेला नाहीं. पोथीच्या पानांचीं चित्रें मागें राहिलीं असतीं, तर पुष्कळसा वाद उद्भवलाच नसता.

चित्रें घेणें आतां सुलभ झालें आहे. पण चित्रें एका कपाटांत आणि पाठ दुसऱ्या ग्रंथांत, अशी ताटातूट असेल तर तीं असून नसल्यासारखींच. हीं दोन्ही एकत्र बांधणाऱ्या खुणांची पद्धति 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' ह्या १९८७ मध्यें सुरू झालेल्या उपक्रमानें सिद्ध केली आहे. तिच्या नियमावलीच्या २००७ सालच्या पांचव्या संस्करणांत पानाच्या चित्रावर क्षेत्रें आखून, प्रत्येकास नांव देऊन, पाठांतील ओळ त्या नांवाशीं जोडण्याची सोय झाली. २०११ मध्यें दुसरी वाट निघाली; तींत पाठच क्षेत्राच्या पोटांत लिहावयाचा.

ह्या योजनेची खरी कसोटी मोडी कागदावर लागते. मोडी लिहिणारा आधीं ओळभर रेघ ओढतो आणि तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जातो. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडीत नाहीं. अशा कागदावर शब्दाशब्दाचें क्षेत्र आखणें म्हणजे वाचण्यापूर्वींच अर्थ ठरविणें होय. यास्तव क्षेत्र ओळीचेंच असावें. शब्दच्छेद पाठाच्या अंगांत, संपादकाच्या नांवावर, दाखवावा. ह्रस्वदीर्घाचेंही तसेंच. मोडींत हा भेद बहुधा पाळलेला नसतो. देवनागरींत उतरविणारा तो आपल्या पदरचा घालतो आणि वाचकास त्याचा पत्ताही लागत नाहीं. युनिकोडांत मोडीस २०१४ सालीं स्थान मिळालें असल्यामुळें मोडीचा मोडींतच एक थर राखून त्यावर देवनागरीचा दुसरा थर देतां येतो. नियमावलींत मूळ रूप व शुद्ध रूप, संक्षेप व त्याचा विस्तार, अशा जोड्या शेजारीं ठेवण्याची तरतूद आहेच.

एक दोष मात्र मुळांतच आहे. ह्या पद्धतीचें व्याकरण पेटींत पेटी बसविणारें आहे. ओवी एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपली, कीं दोन पेट्या एकमेकींस छेदतात. तेव्हां ओवीस पेटीचा मान मिळतो आणि पानाच्या वांट्यास नुसती एक खूण येते. काव्याच्या पोथीस हें चालेल. करवीर दप्तरांतील एखाद्या पत्रांत मात्र शिक्का कोठें उमटला, मोर्तब कोठें पडलें, समासांत कोणत्या हातानें काय लिहिलें, ह्यावरच कागदाचा खरेखोटेपणा ठरतो. तेथें दुसरीच वाट धरावी, असें आमचें मत आहे.

आमच्या कोडोलीसारख्या गांवीं एखाद्या घरांत वतनाचा कागद निघाला, तर तो वाचणारास ही सारी नियमावली पाठ करावयास लावणें म्हणजे भुकेल्यास पाकशास्त्र शिकविण्यासारखेंच. त्यास चार खुणा पुरेत: ओळीचें क्षेत्र, अस्पष्ट अक्षर, गहाळ भाग, आणि संपादकानें घातलेलें अक्षर. चौथीबरोबर घालणाराचें नांव अवश्य असावें. पहिल्या तीन कालांतरानें दुसऱ्यास चित्रावरून दुरुस्त करतां येतील.