ख्रिस्तपुराणातील ओवी : पवित्र ग्रंथाचे शब्द आणि गायनाची लय

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) आणि गोमंतकातील फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे जवळजवळ समवयस्क होत. एकाने गीतेवर ‘गीतार्णव’ रचला. दुसऱ्याने बायबलातील कथा ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. त्यांना एकमेकांची वार्ता होती असे मानण्यास आधार नाही. परंतु पवित्र ग्रंथ लोकांच्या कानी घालावयाचा तर ओवीतच, याविषयी दोघांचे एकमत दिसते. ज्या गावी मुकुंदराजांची समाधी आहे तेथील कवीला ओवीचे अगत्य असावे यात नवल नाही. इंग्लंडात जन्मलेल्या व १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या जेझुइटाने तिचाच आश्रय का करावा, हे मात्र विचारण्यासारखे आहे.

श्रोत्यांना पुराणश्रवणाची सवय होती, म्हणून, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. खरे कारण ओवीच्या लयीत शोधावे लागेल. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त छंद हा वृत्त व जाती यांहून वेगळा काढला, तो लघुगुरुभेद त्यात मानला जात नाही म्हणून. अक्षर ऱ्हस्व असो वा दीर्घ, गाताना ते सारख्याच वजनाने पडते. बायबलातील कथा म्हणजे परकी विशेषनामांचे अरण्य. अब्राहाम, यरुशलेम, नबुखद्नेस्सर ही नावे शार्दूलविक्रीडितात बसविण्याचा प्रयत्न ज्याने करून पाहिला असेल त्याला ओवीचे औदार्य वेगळे सांगावयास नको!

याहून महत्त्वाचा प्रश्न वाक्याच्या घडणीचा आहे. हिब्रू स्तोत्राचे चरण दोन अर्धांवर तोललेले असते. पहिल्या अर्धात मांडलेला अर्थ दुसरा अर्ध निराळ्या शब्दांत पुन्हा उच्चारतो किंवा पुढे नेतो. रॉबर्ट लोथ याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत ही रचना प्रथम नीट उलगडून दाखविली. लॅटिन उपासनेतील स्तोत्रगायन याच तोलावर उभे आहे : एका स्वरावर शब्द म्हणत जावयाचे, मध्यावर किंचित वळण, शेवटी विराम. ओवीचा तोल याहून वेगळा. तीन सयमक चरण एकामागून एक चढत जातात आणि बहुधा आखूड असा चौथा चरण यमकाविना खाली उतरतो. दोन अर्धांचा मजकूर या साच्यात आला की एक जागा जास्तीची उरते. ती कशाने भरावी, यात कवीची कसोटी आहे.

दुसऱ्या पुराणातील दुःखभोगाच्या कथेत स्टीफन्स या कसोटीस उतरतो. तेथे तीन चरण प्रसंग वाढवितात व चौथा त्यावर थांबतो. कथेची गती आणि छंदाची गती एक होते. सिद्धांतनिरूपणात मात्र तिसरा चरण पुष्कळदा केवळ यमकासाठी आलेला वाटतो. दासोपंतांच्या टीकेतही हा दोष आहे. तेव्हा तो परकेपणाचा न मानता दीर्घ ओवीग्रंथाच्या प्रकृतीचा मानणे न्याय्य ठरेल.

ओवीचे पठण आणि लॅटिन स्तोत्रगायन यांतील साम्यावरून स्टीफन्सने चर्चमधील सूर मराठीत आणला, असे अनुमान कोणी काढील. ते घाईचे होईल. जेझुइट संघास सामूहिक प्रार्थनागायनाचे बंधन नव्हते. शिवाय एका स्वराभोवती शब्द फिरविण्याची रीत आपल्याकडे कथेकऱ्यांच्या तोंडी पूर्वीपासून आहे.

पुढे बीडच्या शेजारच्या अहमदनगरात (आता अहिल्यानगर) ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, व ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, जे लक्ष्मीबाईंच्या हातून पुढे गेले. अभंगही अक्षरछंदच, पण तो टाळाच्या ठोक्यावर चालतो व कमी पडणारी अक्षरे शेवटी लांबवून भरून काढतो. कथनापेक्षा आळवणीस तो अनुकूल. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांविषयी इतके अनुकूल लिहिणे कठीण आहे. इंग्रजीतील आघात जेथे पडतो तेथे मराठी शब्दाचे निर्जीव अक्षर सापडते, आणि प्रत्यय ताणला जाऊन धातू गिळला जातो.

लयीच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची प्रत आज उपलब्ध नाही. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरास काढलेली आवृत्ती रोमन लिपीत आहे, बंडेलू यांची १९५६ ची देवनागरीत. वाचनास दुसरी सोयीची खरी. परंतु रोमन पाठात शब्दान्तीचा अकार लिहिलेला आढळतो, आणि ‘समर्थ’सारख्या शब्दातील जोडाक्षर फोडून एक अक्षर वाढविलेले दिसते. देवनागरी पाठ आजच्या उच्चाराने वाचला की ही अक्षरे गळतात व चरण लंगडा वाटू लागतो. ओव्या मोजावयाच्या त्या रोमन पाठ शेजारी ठेवूनच.