'ल ओर्ला'मधील रात्र : भीतीचा झटका, वेडाची शंका आणि ऐकणारा माणूस

मराठी कथासमीक्षेत गी द मोपासां (१८५०–१८९३) याचे नाव प्रामुख्याने तंत्राच्या संदर्भात घेतले जाते. घट्ट बांधणी, तटस्थ निवेदन आणि अखेरचा अनपेक्षित धक्का हे त्याचे विशेष सांगितले जातात, आणि उदाहरण म्हणून बहुधा उसन्या आणलेल्या हाराची त्याची १८८४ सालची कथा पुढे केली जाते. 'ल ओर्ला' ही त्याची तितकीच महत्त्वाची कथा मात्र 'भयकथा' या कप्प्यात टाकून दिली जाते आणि मग तिच्याकडे गंभीरपणे पाहण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत लेखात या कथेचे वाचन एका मर्यादित अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. माणसाला ऐन झोपेतून उठवणारी तीव्र भीती, तिला तोंड देण्यासाठी तो करीत असलेले उपाय आणि त्या उपायांचे होणारे परिणाम, एवढाच या वाचनाचा विषय आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी शब्दांची एक अडचण नोंदवावी लागते. 'पॅनिक अटॅक' या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'भयगंड' हा शब्द विशिष्ट वस्तूच्या वा प्रसंगाच्या भीतीसाठी रूढ झाला आहे. 'घाबरगुंडी' या शब्दाला विनोदाची छटा आहे. ज्याची घाबरगुंडी उडते त्याला आपण हसतो. 'काळजात धस्स होणे' क्षणापुरते असते. 'जीव घाबरा होणे' हा प्रयोग वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो, कारण त्यात भीतीचे कारण सांगावे लागत नाही आणि शरीर व मन यांची फारकतही होत नाही. मात्र आपल्याकडे जीव घाबरा झाल्याचे कोणी सांगितले की पाणी पाजले जाते आणि विषय तिथेच संपतो. प्रस्तुत लेखात 'भीतीचा झटका' हा सोयीचा शब्दप्रयोग केला आहे.

असा झटका रात्री येतो तेव्हा माणूस कोणत्याही बाह्य कारणाशिवाय दचकून जागा होतो. हृदयाची धडधड, गुदमरल्याची जाणीव, घाम, हातपाय थरथरणे आणि आपण आता मरणार किंवा आपल्याला वेड लागणार अशी खात्री, ही सर्व लक्षणे काही मिनिटांत शिगेला पोहोचतात आणि मग ओसरतात. झोप लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, हलकी झोप गाढ होत असताना हे बहुधा घडते. दुःस्वप्नाचा काळ वेगळा असतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन जुने आहे. १८९५ मध्ये फ्रॉइडने चिंताविकृतीला स्वतंत्र स्थान देणारा निबंध लिहिला, त्यात प्रौढांच्या रात्री दचकून उठण्याचा त्याने चिंतेच्या झटक्याचा एक प्रकार म्हणून निर्देश केला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात मात्र भीतीच्या झटक्यांच्या विकाराला स्वतंत्र नाव मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. मोपासांची कथा या दोहोंच्या आधीची आहे.

कथेची दोन रूपे उपलब्ध आहेत. पहिले ऑक्टोबर १८८६ मध्ये 'गिल ब्लास' या पत्रात प्रसिद्ध झाले आणि दुसरे, विस्तारित व दैनंदिनीच्या स्वरूपातील, १८८७ च्या संग्रहात आले. आज 'ल ओर्ला' म्हणून वाचले जाते ते हे दुसरे रूप. निवेदक रूआं शहराजवळ, सेन नदीकाठच्या वडिलोपार्जित घरात नोकरांसह राहणारा सुखवस्तू गृहस्थ आहे. ८ मेच्या पहिल्या नोंदीत तो हिरवळीवर पडून नदीतून जाणारी जहाजे पाहतो आणि एका शुभ्र ब्राझिली जहाजाला उत्साहाने अभिवादन करतो. चार दिवसांनी किंचित ताप, मग उदासी, मग झोप नाहीशी होणे. १८ मे रोजी तो वैद्याकडे जातो. नाडी जलद आणि बाहुल्या विस्फारलेल्या, यापलीकडे चिंताजनक असे काही वैद्याला आढळत नाही. तो जलोपचार आणि पोटॅशियम ब्रोमाइड हे त्या काळचे नेहमीचे शामक लिहून देतो.

२५ मेची नोंद या कथेचे हृदय आहे. संध्याकाळ होऊ लागताच निवेदकाच्या मनात अकारण अस्वस्थता दाटून येते. तो घाईने जेवतो, वाचू पाहतो, पण शब्दांचा अर्थ लागत नाही. शयनगृहात गेल्यावर तो दाराला दोनदा किल्ली फिरवतो, अडसर घालतो, कपाटे उघडून पाहतो, पलंगाखाली वाकून पाहतो, कान देऊन ऐकत राहतो. कशाची भीती वाटते हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. अंथरुणावर पडून तो झोपेची वाट पाहतो ती वधस्तंभाकडे नेणाऱ्याची वाट पाहावी तशी. दोन-तीन तास झोप लागते आणि मग कोणीतरी छातीवर बसून गळा दाबत असल्याचा अनुभव येतो. हलता येत नाही, ओरडता येत नाही. तो जागा होतो, मेणबत्ती लावतो, खोलीत कोणी नसते. त्यानंतर मात्र तो पहाटेपर्यंत शांत झोपतो. मोपासांच्या निरीक्षणशक्तीचा पुरावा मला छातीवर बसलेल्या आकृतीपेक्षा या शेवटच्या तपशिलात दिसतो. केवळ भय निर्माण करू पाहणाऱ्या लेखकाने आपल्या पात्राला उरलेल्या रात्रीची शांत झोप दिली नसती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हलता न येणे आणि छातीवरील आकृती ही चिन्हे काटेकोरपणे पाहता निद्रापक्षाघाताची आहेत, आणि तो स्वप्नांच्या झोपेशी निगडित असतो. दोन्ही अवस्था एक नव्हेत, जरी भीतीच्या झटक्यांचा विकार असणाऱ्यांत निद्रापक्षाघातही अधिक आढळतो. पात्राचे रोगनिदान करणे हे समीक्षकाचे कामही नव्हे. महत्त्व आहे ते झटक्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्तनाला. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शरीरातील साध्या संवेदनेचा 'हे प्राणावरचे संकट आहे' असा चुकीचा अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढतात आणि वर्तुळ पुरे होते. पॉल साल्कोव्स्किस यांनी १९९१ मध्ये यात मोलाची भर घातली. संकट टाळण्यासाठी माणूस जी खबरदारी घेतो तीच भीतीला जिवंत ठेवते. संकट आले नाही याचे श्रेय तो खबरदारीला देतो आणि मुळात संकट नव्हतेच हे कळण्याची संधी गमावतो. निवेदकाचा अडसर, कपाटे आणि पलंगाखालची तपासणी या दृष्टीने पाहावी. प्रत्येक रात्रीची तपासणी दुसऱ्या रात्रीच्या भीतीची तयारी करते. जुलैत तो पाण्याच्या सुरया मलमलीत गुंडाळतो आणि स्वतःच्या ओठांना, दाढीला, हातांना शिसे चोळून झोपतो. म्हणजे आता स्वतःची झोपही त्याला पहाऱ्याखाली ठेवावी लागते.

यानंतर कथा या वाचनाच्या बाहेर जाते, हे मान्य केले पाहिजे. आपोआप तुटणारे गुलाबाचे देठ, उलटणारे पान आणि रिकामा आरसा यांचा उलगडा भीतीच्या झटक्याने होत नाही. तो करू पाहणे म्हणजे कथेचे प्रकरणअहवालात रूपांतर करणे होय.

या कथेची समीक्षा दीर्घकाळ एका द्वंद्वात अडकली आहे. अदृश्य जीव खरा आहे, की निवेदक वेडा आहे? त्स्वेतान तोदोरोव याने १९७० मध्ये अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली, तिने या दोन उत्तरांमधील दोलायमानतेलाच सौंदर्यमूल्य दिले. रूपबंधाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु पहिल्या महिन्याच्या नोंदींपुरते पाहिले तर तिसरे उत्तर उपलब्ध आहे : शरीराने दिलेला खोटा इशारा. निवेदकाला ते उत्तर माहीत नाही. म्हणून त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, बाहेरचे काहीतरी किंवा आतले वेड. कथेच्या शीर्षकाचा उलगडा बहुधा 'बाहेर' आणि 'तिथे' या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांच्या जोडणीने केला जातो. मराठी वाचकाला हे शीर्षक परके वाटण्याचे कारण नाही. 'काही बाहेरचे तर नाही ना?' हा प्रश्न आपल्या घरांतून आजही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले की पुढचा प्रश्न डोक्याविषयीचा असतो. रूआंजवळच्या त्या घरात आणि आपल्याकडे पर्यायांची यादी सारखीच अपुरी आहे.

चरित्रात्मक समीक्षेने ही यादी आणखी आखूड केली. मोपासांला उपदंश होता, जानेवारी १८९२ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि ६ जुलै १८९३ रोजी पासी येथील डॉ. ब्लांश यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. यावरून 'ल ओर्ला' ही येऊ घातलेल्या वेडाची पूर्वसूचना ठरवण्यात आली. हा तर्क कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. कथेनंतर त्याने 'पिएर आणि जां' (१८८८) ही अत्यंत संयमित कादंबरी लिहिली. शिवाय तो सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या व्याख्यानांना जात असे. मज्जाविकारांविषयीची त्याची माहिती अभ्यासातून आलेली होती. या चुकीचे परिणाम वाङ्मयेतिहासापुरते राहत नाहीत. ही कथा शिकवून झाल्यावर एक विद्यार्थी वर्गाबाहेर थांबला आणि 'सर, असे होणारा माणूस शेवटी वेडाच होतो का?' असे त्याने विचारले. प्रश्न वाङ्मयीन नव्हता, हे त्याच्या डोळ्यांखालच्या काळेपणावरून उघड होते. 'मला वेड लागणार' ही भीती झटक्याचेच एक लक्षण असते. लेखकाच्या चरित्राचा दाखला देऊन आपण वर्गात त्या लक्षणालाच दुजोरा देतो, याचे भान अध्यापकाला असणे आवश्यक आहे.

आता दोन्ही रूपांची तुलना करता येईल. १८८६ च्या रूपात डॉ. मारांद हा नामवंत मनोविकारतज्ज्ञ आपले तीन सहकारी आणि निसर्गविज्ञानाचे चार अभ्यासक यांना एका तासासाठी बोलावतो आणि आपल्या रुग्णाला त्यांच्यापुढे आणतो. रुग्ण स्वेच्छेने रुग्णालयात आला आहे. तो आपली हकिगत क्रमवार सांगतो, आठही जण ऐकतात, आणि शेवटी डॉक्टर हा मनुष्य वेडा आहे की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही अशी कबुली देतो. या रूपात आग नाही आणि मृत्यूही नाही. १८८७ मध्ये मोपासांने हे श्रोते काढून टाकले. दैनंदिनीचा निवेदक वैद्याला फक्त झोप येत नसल्याचे सांगतो. मों-सें-मिशेलच्या साधूशी तो वाऱ्याच्या अदृश्यतेविषयी बोलतो, रात्रीविषयी नाही. पॅरिसमध्ये १६ जुलैला तर तो मज्जाविकारांचे तज्ज्ञ डॉ. पारां यांच्यासह एकाच टेबलावर जेवतो, त्यांचा संमोहनाचा प्रयोग पाहतो, शंका काढतो. स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढीत नाही. तंत्राच्या दृष्टीने दुसरे रूप निःसंशय श्रेष्ठ आहे, कारण एकाकी दैनंदिनीत शंकेला वाव अधिक मिळतो. हे श्रेष्ठत्व ज्या एका बदलातून येते त्याची नोंद मात्र समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही : ऐकणारा नाहीसा झाला आहे.

रात्रीच्या झटक्यांवर आज जे उपचार परिणामकारक मानले जातात त्यांची सुरुवात नेमकी येथून होते. हृदय, थायरॉइड आणि झोपेतील श्वसन यांची एकदा तपासणी करून घ्यावी. त्यानंतर झटका कसा चढतो व कसा ओसरतो हे रुग्णाला समजावून दिले जाते, ज्या संवेदनांना तो भितो त्या दिवसा, उपचारकासमोर, मुद्दाम अनुभवायला लावल्या जातात आणि अडसर-तपासणीसारख्या खबरदाऱ्या एकेक करून सोडवल्या जातात. गरजेनुसार औषधेही दिली जातात, आणि ती ब्रोमाइडपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. हे सर्व घडण्यासाठी 'झोप येत नाही' याच्या पुढचे वाक्य कोणाला तरी सांगावे लागते.

१० सप्टेंबरच्या नोंदीत निवेदक लोखंडी दारे-खिडक्या बसवून घेतो, आपल्या मते शत्रूला खोलीत कोंडतो आणि घराला आग लावतो. बागेत उभा राहून तो ज्वाला पाहत असतानाच वरच्या मजल्यावरून किंकाळी ऐकू येते. घरात नोकर होते, हे तो विसरलेला असतो. चार महिने त्याच छपराखाली राहणाऱ्या या माणसांना त्याने आपल्या रात्रींविषयी काहीही सांगितलेले नव्हते. पहिल्या नोंदीत अनोळखी जहाजालाही अभिवादन करणारा हा मनुष्य शेवटच्या नोंदीपर्यंत आपल्या घरातल्यांचे अस्तित्व विसरतो, आणि मोपासां त्यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही.