‘हॉब्सन-जॉब्सन’ कसा वाचावा: पुरावा, तर्क आणि एक दाम



‘आय डोन्ट केअर अ डॅम’ या वाक्यातला ‘डॅम’ ही शिवी नसून अकबराच्या काळातले ‘दाम’ हे तांब्याचे नाणे आहे, अशी गोष्ट मी पहिल्या वर्षाच्या वर्गात बरीच वर्षे सांगत आलो. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे ‘मला एका दामाचीही पर्वा नाही’. मुले हसत, आणि गोष्ट पटतही असे, कारण ‘छदामही देणार नाही’ हे आपण घरी ऐकलेले असते. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, याला पुरावा काय?” मी उत्तर दिले, “हॉब्सन-जॉब्सनमध्ये आहे.” उत्तर देऊन झाले, पण ते पुरे नाही हे तिथेच जाणवले. म्हणून ती नोंद पुन्हा वाचली, आणि मग सगळाच ग्रंथ नव्या नजरेने पाहिला.

हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. कर्त्यांपैकी हेन्री यूल हे बंगाल इंजिनिअर्समधले लष्करी अभियंते, तर ए. सी. बर्नेल हे मद्रास सनदी सेवेतले संस्कृतज्ञ. बर्नेल १८८२ मध्येच वारले. यूल यांनी काम तडीस नेले. विल्यम क्रुक यांनी संपादलेली दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये निघाली. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेले शब्द आणि त्यांचा इतिहास हा त्याचा विषय.

ग्रंथाचे खरे बळ त्यातल्या उताऱ्यांत आहे. शब्दाखाली जुन्या प्रवासवर्णनांतले, पत्रांतले, दप्तरांतले उतारे सालवार लावलेले असतात. त्यामुळे अर्थ कसा सरकत गेला हे दिसते. ‘शॅम्पू’ घ्या. हा शब्द हिंदीतल्या ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे या क्रियापदावरून आला. अठराव्या शतकात इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे असा होता. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे स्नानगृह चालवले आणि १८२२ मध्ये ‘शॅम्पूइंग’वर पुस्तक लिहिले, तेही याच अर्थाने. केस धुणे हा अर्थ नंतरचा. आजचा अर्थ घेऊन ते पुस्तक उघडणारा फसेल.

‘कॅश’ची नोंद आणखी एक धडा देते. रोख पैसा या अर्थाचा ‘कॅश’ युरोपीय भाषांतल्या पेटी, तिजोरी या अर्थाच्या शब्दावरून आला. पण दक्षिणेतल्या बारीक नाण्याला इंग्रज ‘कॅश’ म्हणत, तो शब्द तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांमार्फत आला. स्पेलिंग एक, विषय पैशाचाच, तरी कुळे दोन. सारखेपणा हा पुरावा नव्हे, हे याच कोशाने दाखवून दिले आहे.

आता ‘दाम’कडे वळू. नाण्याबद्दलची माहिती भरीव आहे. पण नाण्यापासून इंग्रजी वाक्प्रचारापर्यंतचा पूल पेलेल असा एकही जुना उतारा मला त्या नोंदीत सापडला नाही. ऑक्सफर्डच्या कोशाने ही व्युत्पत्ती चतुर पण निराधार ठरवली आहे. कधी हिंदुस्थानात पाऊल न ठेवलेल्या ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांच्या लेखनात १७६० मध्येच ‘डॅम’ याच बेपर्वाईच्या अर्थाने आलेला आहे. शिवीचा शब्द झिजून ‘कवडीमोल’ या अर्थाला येणे हे स्पष्टीकरण साधे आहे, आणि त्याला इंग्रजीबाहेर जावे लागत नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोशकारांनी ही व्युत्पत्ती केवळ एक सूचना म्हणून, काहीशा मिस्कीलपणे मांडली होती. तिला सिद्धान्त केले ते माझ्यासारख्या वाचकांनी. आपला शब्द साहेबाच्या तोंडी सापडला की आपल्याला बरे वाटते, आणि बरे वाटले की आपण तपासत नाही.

ग्रंथाची खरी मर्यादा वेगळीच आहे. उतारे बहुतांशी युरोपीय प्रवासी आणि अधिकाऱ्यांचे आहेत. ‘कुली’ या नोंदीत शब्दाचा संबंध पश्चिम हिंदुस्थानातल्या कोळी जमातीशी जोडला आहे आणि तमिळमधल्या ‘कूलि’ म्हणजे मजुरी या शब्दाचाही विचार केला आहे. चर्चा विद्वत्तेची आहे. पण ओझे वाहणारा माणूस स्वतःला काय म्हणत होता, ते कळत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत हाच शब्द सरसकट सगळ्या हिंदी लोकांना हिणवण्यासाठी वापरला गेला. गांधीजींना ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. मूळ अर्थ मजुरी होता, एवढे सांगून तो अपमान पुसता येत नाही. अर्थ उगमात जितका असतो, तितकाच वापरातही असतो.

ग्रंथाचे नावही असेच आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा शोकाचा घोष गोऱ्या सैनिकांच्या कानी पडला आणि त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. परका शब्द आपल्या उच्चाराच्या साच्यात कसा बसवला जातो, याचे हे नामी उदाहरण. पण दुसऱ्याच्या शोकाचे विनोदी नाव करताना कोणाला अडखळल्यासारखे झाले नाही, हेही त्यातून कळते.

तेव्हा हा ग्रंथ जरूर वाचा. उताऱ्यांवर विश्वास ठेवा, तर्क तपासा, आणि बोलणारा कोण आहे ते पाहा. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आता मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. दामाची गोष्टही सांगतो, पण शेवटपर्यंत.

विचारासाठी प्रश्न
१. ‘शॅम्पू’ आणि ‘दाम’ या दोन व्युत्पत्तींच्या पुराव्यात नेमका फरक कोणता?
२. तुमच्या मातृभाषेतून इंग्रजीत गेलेला एक शब्द निवडा. त्याच्या जुन्या उताऱ्यांत बोलणारा कोण आहे?