हॅमार्शिया : दोष की प्रमाद?

‘हॅमार्शिया’ म्हणजे स्वभावदोष, असे मानले की शोकात्मिका ही शिक्षेची कथा ठरते. परंतु ‘काव्यशास्त्रा’च्या १३ व्या प्रकरणात ॲरिस्टॉटल नायकाच्या पतनाचे कारण म्हणून दुष्टपणा स्पष्टपणे नाकारतो. त्याच्या नीतिशास्त्रातही अज्ञानजन्य प्रमाद आणि अन्याय यांत भेद आहे. अजाणता घडलेले, पश्चात्ताप उपजवणारे कृत्य तेथे दया व क्षमा यांस पात्र ठरते. सॉफक्लीझचा वृद्ध इडिपस कोलोनस येथे हीच बाजू मांडतो : आपण अजाणता वागलो, म्हणून निर्दोष आहोत. तरीही थीसिअसला स्पर्श करण्यास तो कचरतो. दोष नाही, पण विटाळ उरतो. दंडानेही न फिटणारे हे ओझे ‘स्वभावदोष’ या प्रतिशब्दात हरवते. त्याबरोबर करुणेचा आधारही.